दहा पावलांवरून काय दिसते? जिओकॅशच्या डब्यांचे एक परीक्षण

जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या आधारे खेळायच्या शोधखेळातला लपवलेला साठा, ठेवण्यासाठी मिळणाऱ्या डब्यांची परीक्षणे मी बरीच वाचली आहेत आणि त्या सगळ्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला आढळतो: पाणी आत शिरते का? प्रश्न रास्तच आहे, कारण नोंदवही भिजली की कॅश निकामी झाली म्हणून समजावे. मात्र ज्याने या खेळाचे नावही ऐकलेले नाही, अशा माणसाच्या नजरेस तो डबा अवचित पडला तर त्याच्या मनात पहिला विचार कोणता येईल, याबद्दल त्या परीक्षणांत अवाक्षर नसते. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. गेल्या काही वर्षांत मी स्वतः वापरलेल्या सात-आठ प्रकारच्या डब्यांकडे येथे याच एका कसोटीवर पाहिले आहे, आणि ही कसोटी मला सुचली ती एका बऱ्यापैकी लाजिरवाण्या दुपारी, हेही आरंभीच कबूल करतो.

खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर, कोणीतरी एक डबा कोठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो आणि इतरांनी जीपीएसच्या आधारे तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचे असते. कॅश म्हणजे येथे रोकड नव्हे, लपवून ठेवलेला साठा. दोन्हींचा उच्चार एकच असल्यामुळे ‘मी झाडाखाली कॅश ठेवली आहे’ या वाक्याने किती घोळ होतो, तो वेगळा विषय आहे. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत अमेरिकी सरकारने मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या पहिल्या दोन दिवसांत काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ पाच गॅलनची एक बादली अर्धवट पुरून तिचे निर्देशांक जाहीर केले. त्या बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबाबंद खाऊ होता. आजच्या नियमांनुसार जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय कॅश पुरता येत नाही आणि तिच्यात खाद्यपदार्थही ठेवता येत नाहीत, म्हणजे ज्या बादलीपासून हा खेळ सुरू झाला ती आज मंजूरच झाली नसती. सध्या जगभरात तीस लाखांहून अधिक कॅश लपवलेल्या आहेत. एवढ्या संख्येने लपवलेल्या वस्तूंपैकी काही भलत्याच माणसाला सापडणार, हे ओघाने आलेच.

आता त्या दुपारविषयी. एका सार्वजनिक बागेच्या मागच्या भिंतीतला एक दगड निखळलेला होता आणि त्यामागच्या पोकळीत मी काडतुसांची जुनी लष्करी पेटी बसवली होती. बागेच्या तत्कालीन देखरेखप्रमुखांची तोंडी परवानगी घेतली होती. समोर दाट झुडूप होते. वर्षभराहून अधिक काळ सगळे सुरळीत चालले, लोक येत होते, नावे लिहीत होते. मग एका नव्या माळ्याने ते झुडूप छाटले. फांद्या बाजूला सारताच त्याला भिंतीच्या पोकळीत हिरवी लोखंडी पेटी दिसली आणि त्याने जे करायला हवे तेच केले: हात लावला नाही, आल्या पावली मागे फिरला आणि फोन केला. मला ही बातमी पोलिसांकडून कळली नाही. कॅश शोधायला निघालेल्या एका खेळाडूने बागेच्या फाटकाबाहेरून मला निरोप पाठवला की तुमच्या कॅशभोवती पट्टी लावली आहे आणि बाग रिकामी केली आहे.

मी धावत गेलो आणि तेथल्या अधिकाऱ्यांना सांगितले की ती पेटी माझी आहे, आत एक वही, दोन पेन्सिली आणि लहान मुलांची खेळणी आहेत. माझ्या या कबुलीने प्रकरण तेथेच मिटेल असे मला वाटले होते. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, “तुम्ही ती शेवटची उघडून कधी पाहिलीत?” मी म्हणालो, तीन-चार महिन्यांपूर्वी. “आणि तेव्हापासून किती अनोळखी लोकांनी ती उघडली?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कोणीही यावे, उघडावे, काही घ्यावे, काही ठेवावे, हाच तर या खेळाचा आत्मा. त्यामुळे आत काय आहे याची हमी देण्यास जगात सर्वांत अपात्र माणूस कोणी असेल तर तो कॅशचा मालक. बॉम्बनाशक पथकाने माझे म्हणणे लिहून घेतले आणि आपले काम ठरल्याप्रमाणेच केले.

ते काम काय असते, हेही सांगितले पाहिजे, कारण बातम्यांत येणारे ‘नियंत्रित स्फोट’ हे शब्द वाचून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठा भडका उभा राहतो. प्रत्यक्षात अनेकदा पाण्याचा अत्यंत वेगवान झोत संशयित वस्तूवर मारला जातो. वस्तूच्या आत काही यंत्रणा असलीच तर ती कार्यान्वित होण्याआधी तिचे तुकडे व्हावेत, हा त्यामागचा हेतू. ज्यावरून असा झोत मारता येतो ते दूरनियंत्रित वाहन ब्रिटिश लष्करातील पीटर मिलर यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये तयार झाले आणि त्याचे नावही ‘व्हीलबॅरो’, म्हणजे एकचाकी हातगाडी, असेच पडले. माझ्या पेटीचे झाकण बिजागरीपासून उखडून काही हात दूर पडले होते. वही नंतर मला परत मिळाली. पाने लगदा होऊन एकमेकांना चिकटली होती, शाईच्या पेनाने लिहिलेली नावे निळ्या ओघळांत विरून गेली होती आणि पेन्सिलीने लिहिलेली मात्र स्पष्ट वाचता येत होती. कॅशमध्ये पेन्सिलच ठेवावी असे जाणकार का सांगतात, हे मला त्या दिवशी पटले, जरी हा सल्ला देताना त्यांच्या मनात पाऊस असावा, बॉम्बनाशक पथक नव्हे.

जाता जाता मी अधिकाऱ्यांना पेटीवरचे लेबल दाखवले. खेळाच्या नियमांप्रमाणे डब्यावर बाहेरून ‘जिओकॅश’ असे ठळक लिहायचे असते आणि तसे मी लिहिलेही होते. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले त्यातूनच हे परीक्षण जन्माला आले. ते म्हणाले, “लेबल वाचायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं नाही हीच आम्ही लोकांना पहिली गोष्ट शिकवतो. शिवाय ‘यात धोका नाही’ असं कशावरही लिहिता येतं, नाही का?”

ब्रिटनच्या रेल्वेवर बेवारस वस्तू ओळखण्यासाठी कर्मचाऱ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवतात: वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का, ती उघडपणे संशयास्पद दिसते का, आणि त्या जागी सहसा आढळणाऱ्या वस्तूंपैकी ती आहे का. विसरलेली पिशवी या तिन्ही प्रश्नांतून बहुधा सुटते, कारण ती बाकावर सर्वांसमक्ष पडलेली असते, पिशवीसारखीच दिसते आणि बाकावर पिशव्या असतातच. जिओकॅश पहिल्या प्रश्नात नापास होते, आणि तेही तिचा धर्म पाळल्यामुळे. तिसऱ्या प्रश्नातही ती सहसा नापासच होते. उरला मधला प्रश्न, वस्तू दिसते कशी. आपल्या हातात एवढेच आहे, आणि म्हणून डब्याची निवड ही मला आता जलरोधकतेपेक्षाही महत्त्वाची वाटते.

माझी चाचणी साधी होती. प्रत्येक डबा मी गवतात, भिंतीच्या कोपऱ्यात आणि झाडाच्या बुंध्याशी अर्धवट झाकून ठेवला आणि खेळ माहीत नसलेल्या घरच्यांना व शेजाऱ्यांना दहा पावलांवर उभे करून विचारले की हे काय असावे. विचार करायला वेळ दिला नाही. भीती विचार करून वाटत नसते.

काडतुसांच्या पेटीपासूनच सुरुवात करतो, कारण डबा म्हणून तिच्या तोडीचे दुसरे काही नाही. जाड पोलादी पत्रा, झाकणाच्या आत पूर्ण परिघाला फिरणारी रबरी पट्टी, आणि एका झटक्यात पट्टी दाबून बसवणारी खटक्याची कडी. पाच-सहा पावसाळे सहज काढते. खारी तिचे काही करू शकत नाहीत, मुंग्यांनाही आत वाट मिळत नाही. मोठ्या आकाराच्या पेटीत जाडजूड वही, देवाणघेवाणीच्या वस्तू आणि प्रवासी बिल्ले, म्हणजे खेळाडू एका कॅशमधून दुसरीत नेतात ते बिल्ले, आरामात मावतात. या गुणांमुळे ती खेळाच्या प्रारंभापासून लोकप्रिय आहे. आणि दहा पावलांवरून तिच्याकडे पाहून माझ्या वहिनी काय म्हणाल्या? “अहो, ही बंदुकीच्या गोळ्यांची आहे ना?” त्यांचे शंभर टक्के बरोबर होते. ती गोळ्यांचीच पेटी आहे. शेवाळी हिरवा रंग, त्यावर पिवळ्या अक्षरांत काडतुसांची संख्या आणि मोजमाप. एखाद्या वस्तूने याहून स्पष्ट बोलायचे तरी कसे? खेळाचे नियम लष्करी खुणा कायमच्या झाकाव्यात किंवा काढून टाकाव्यात असे सांगतात आणि ते पाळल्यास निश्चित फरक पडतो. दुसऱ्या पेटीच्या खुणा मी घासून काढल्या, तिला फिकट निळा रंग दिला आणि पुन्हा विचारले, तेव्हा शेजारच्या काकांनी हत्यारांची पेटी असे उत्तर दिले. त्यांना पाना-पक्कड अभिप्रेत होते, हे मी खात्री करून घेतले. परंतु रंग बदलला तरी कडीची ठेवण तीच राहते आणि ज्याने सैन्यात किंवा पोलिसांत नोकरी केली आहे, तो तिला कोणत्याही रंगात ओळखतो. माझे मत असे की ही पेटी रानात, मुख्य वाटेपासून लांब, जेथे फक्त मुद्दाम येणाराच पोहोचतो अशा जागी उत्कृष्ट आहे. वस्तीत तिचा वापर करू नये, मग परवानगी असो वा नसो.

पीव्हीसीच्या नळीबद्दल फार लिहिण्याची गरज वाटत नाही. दोन्ही टोकांना टोपणे बसवलेला वीतभर लांबीचा पाइप कोणालाही कशासारखा दिसतो, हे मी वेगळे सांगायला नको. ती स्वस्त आहे, घरी बनवता येते, टोपणाला आटे पाडलेले असतील तर पाणीही बऱ्यापैकी रोखते, आणि तरीही मी ती कोणालाही सुचवणार नाही. काहीजण तिला काळा रंग देतात, काहीजण झाडाला तारेने बांधतात. तारेने! मी एकदा अशी एक कॅश शोधून काढली होती आणि खेळाडू असूनही, आत वही आहे हे ठाऊक असूनही, टोपण फिरवताना माझा हात क्षणभर थांबला होता. नळीच हवी असेल तर तिचे खाली वर्णन केलेले भावंड घ्यावे.

ते भावंड म्हणजे शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचे मूळ रूप. तापवून दाबाची हवा भरून फुगवण्यापूर्वी प्रत्येक बाटली ही जाड भिंतीची, परीक्षानळीसारखी दिसणारी एक छोटी नळी असते आणि तिचे तोंड मात्र पूर्ण वाढलेल्या बाटलीचेच असते, त्यामुळे नेहमीचे झाकण तिला घट्ट बसते. प्लास्टिकची जाडी इतकी की पायाखाली आली तरी फुटत नाही. पाणी जात नाही. आणि मुख्य म्हणजे ती आरपार दिसते: आत कागदाची गुंडाळी आहे आणि दुसरे काही नाही, हे दहा पावलांवरून नसले तरी तीन पावलांवरून कळते. चाचणीत कोणीही घाबरले नाही. वहिनींना ती प्रयोगशाळेतली वस्तू वाटली, काकांना बाटलीचा तुकडा, आणि शेजारच्या मुलाने सरळ उचलून झाकण उघडले. त्याचे ते उघडणे हा या डब्याचा एकमेव दोष समजावा, कारण जी वस्तू भीती वाटू देत नाही ती कुतूहलही रोखत नाही, आणि कॅश चोरीला किंवा कचऱ्यात जाण्याची शक्यता वाढते. खेळाडू ज्यांना ‘मगल’ म्हणतात त्या अनभिज्ञ लोकांच्या हाती कॅश गेली तर नवी ठेवता येते. मला ही अडचण पाण्याच्या झोतापेक्षा केव्हाही चालेल.

चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणात सिलिकॉनची पट्टी बसवलेला प्लास्टिकचा डबा हा सध्या बहुधा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. तो आहे तसा, पारदर्शक ठेवला तर उत्तम आहे. दहा पावलांवरून तो जेवणाचा डबा दिसतो, जवळ गेल्यावर आतली वही आणि रंगीत खेळणी दिसतात, आणि पाहणाऱ्याला फार तर असे वाटते की कोणीतरी विसरून गेले. दुर्दैवाने तो आहे तसा कोणी ठेवत नाही. या डब्याबरोबर अनेक विक्रेते झाडोरा-नक्षीची चिकटपट्टी देतात आणि नवा खेळाडू मोठ्या हौसेने सगळा डबा तिच्यात गुंडाळतो. मीही गुंडाळला होता. परिणाम काय होतो तो पाहण्यासारखा आहे: एका निरुपद्रवी, आरपार दिसणाऱ्या डब्याचे क्षणात एक चौकोनी, अपारदर्शक, पट्ट्यांनी आवळलेले गाठोडे बनते, ज्याच्या आत काय आहे हे ओळखण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. तोच डबा पट्टीशिवाय दाखवला तेव्हा वहिनी हसल्या होत्या, पट्टी लावून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “याला हात लावू नका.” काळ्या विजेच्या पट्टीने गुंडाळलेला नमुना मी दाखवलाच नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावात एका कॅफेबाहेर ठेवलेला असाच एक लहानसा प्लास्टिकचा डबा लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने नष्ट केला होता, आणि ती जिओकॅश निघाली. डबा लहान होता, प्लास्टिकचा होता, यापैकी कशाचाही उपयोग झाला नाही. अमेरिकेत डिस्नेलँडपर्यंत असे प्रकार घडलेले आहेत. तेव्हा ‘माझा तर साधाच डबा आहे’ या समजुतीवर कोणी विसंबू नये. पट्टी लावायचीच असेल तर ती तळाला आणि तीन बाजूंना लावावी, झाकणावर लावू नये आणि झाकणाची बाजू वर किंवा समोर करावी. लपवण्याचे काम जागेने करावे, डब्याने नव्हे, असे एका जुन्या खेळाडूने मला सांगितले होते. तेव्हा ते मला नुसते सुभाषित वाटले होते.

फिल्म रोलची जुनी डबी आठवणीपोटी काहीजण अजून वापरतात. तिला कोणी घाबरत नाही आणि ती पाणीही रोखत नाही. पुढे जाऊ.

बोटाच्या पेराएवढ्या चुंबकी डब्या आणि किल्लीच्या जुडग्याला अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या कुप्या यांच्याबद्दल असा समज आहे की त्या वर्दळीच्या ठिकाणासाठी सर्वांत सुरक्षित, कारण त्या कोणाला दिसतच नाहीत. डबीपुरते हे खरे आहे. पण डबी दिसत नसली तरी तिला शोधणारा माणूस दिसतो, आणि अर्धा तास दिसत राहतो. कठड्याखाली हात फिरवणारा, खाली वाकून दिव्याच्या खांबाच्या बुडाशी चाचपणारा, कोणी जवळ आले की एकदम फोनवर बोलण्याचे सोंग करणारा माणूस पाहून लोकांना जे वाटते ते डब्याकडे पाहून कधीच वाटणार नाही. आमच्यापैकी बहुतेकांना चोरपावलांनी वावरण्याची एक बालिश मजा वाटते, हे मान्य केले पाहिजे. एक गृहस्थ मात्र हातात वही-पेन आणि अंगात चमकता बिनबाह्यांचा कोट घालून शोधायला जातात. त्यांना आजवर कोणी हटकलेले नाही, उलट दोघांनी रस्ता विचारला. हा उपाय गमतीदार आहे, पण माझ्या मते लबाडीचा आहे. कोणी विचारलेच तर फोनवरचा नकाशा दाखवून खरे काय ते सांगावे. मी सांगून पाहिले आहे आणि बहुतेक वेळा समोरचा माणूसच पुढची दहा मिनिटे माझ्याबरोबर शोधत बसला आहे.

विजेच्या डब्याची नक्कल, खोटा बोल्ट, खोटा नळ, खोटे स्विचबोर्ड अशा वेषांतर केलेल्या वस्तूंना सध्या मोठी मागणी आहे. तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे ‘येथे अशी वस्तू असते का’ या प्रश्नात, पूर्ण गुण मिळवणाऱ्या याच काय त्या. खोटा बोल्ट मला आवडतो. तो कोणाच्या डोळ्यांवरच येत नाही. परंतु विजेच्या खोट्या डब्याला माझा ठाम विरोध आहे, कारण तो शोधणाऱ्याला शेजारचा खरा डबाही उघडून पाहण्याची सवय लावतो. भीती न वाटण्याचाही अतिरेक होऊ शकतो, त्याचे हे उदाहरण.

आणि मग येतात विद्युत करामतीच्या पेट्या: बाहेर लोंबणाऱ्या दोन तारांना नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की आतले कुलूप उघडते, दिवा लागतो, आकडे दिसतात. बनवणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यावी लागते आणि खेळाडू म्हणून मला अशा कॅश सोडवण्यात जो आनंद मिळाला आहे तो लोखंडी पेट्यांत कधी मिळालेला नाही. पण तारा, बॅटरी, चमकणारा दिवा आणि बंद पेटी या चार गोष्टी एकत्र आल्यावर सामान्य माणसाने दुसरा कोणता निष्कर्ष काढावा? ३१ जानेवारी २००७ रोजी बॉस्टन शहरात एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी लावलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांच्या पाट्यांनी रस्ते आणि पूल बंद पाडले होते, आणि जाहिरात करणाऱ्यांना भरपाई म्हणून वीस लाख डॉलर मोजावे लागले. त्यांचा खेळाशी काही संबंध नव्हता. त्यांत लपवलेलेही काही नव्हते, उलट त्या सर्वांना दिसाव्यात म्हणूनच लावल्या होत्या. तरी हे झाले. अशी पेटी बनवायचीच असेल तर ती स्वतःच्या अंगणात, किंवा ज्यांच्या जागेत आहे ते लोक रोज डोळ्यांसमोर ठेवतात अशा एखाद्या वाचनालयाच्या आत ठेवावी.

डब्यांबरोबर लेबलेही विकली जातात आणि त्यांचाही समाचार येथेच घेतो. मी वापरलेल्या तयार चिकटपत्र्यांपैकी बहुतेकांचा रंग उन्हाने दोनच हंगामांत उडाला. पांढऱ्या चौकोनावर काहीही लिहिलेले नसणे हे लेबल नसण्यापेक्षाही वाईट दिसते. तैलरंगाने हाताने लिहिलेले अक्षर सर्वांत टिकाऊ ठरले. त्या अधिकाऱ्यांचे म्हणणे खरे असले तरी लेबल निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, फक्त त्याचे काम वेगळे आहे. ते घाबरलेल्या माळ्यासाठी नसते. दुर्बिणीतून किंवा यंत्राच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या पथकासाठी ते असते, आणि त्यासाठी त्यावर केवळ खेळाचे नाव पुरत नाही. ‘जीसी’ या अक्षरांनी सुरू होणारा कॅशचा क्रमांक आणि मालकाचा फोन मोठ्या अक्षरांत हवा, म्हणजे जागच्या जागी शोधून नोंद पडताळता येते. मजकूर ज्या भागात डबा आहे तेथील लोकांच्या भाषेत असावा, हे सांगावे लागू नये. पण इंग्रजीखेरीज दुसरे अक्षर नसलेले डबे मी कितीतरी पाहिले आहेत.

परवानगीच्या बाबतीत मी केलेली चूक डब्याच्या चुकीइतकीच मोठी होती. ज्यांनी मला होकार दिला ते देखरेखप्रमुख बदलून गेले होते आणि नव्यांना काहीच ठाऊक नव्हते. तोंडी परवानगी माणसाबरोबर बदली होऊन जाते. आता मी लेखी पत्र देतो, त्याबरोबर डब्याचे छायाचित्र आणि नेमकी जागा देतो, आणि दर सहा महिन्यांनी डबा तपासायला गेलो की फाटकावर कोण आहे ते पाहून त्यालाही तो उघडून दाखवतो. शाळा, विमानतळ, लष्करी आवार, लोहमार्ग आणि मोठे पूल यांच्या आसपास कॅश ठेवू नये, असे खेळाच्या नियमांतच आहे.

कोणता डबा घ्यावा, असे मला कोणी विचारले तर वस्तीसाठी बाटलीची नळी, बागेसाठी पट्टी न लावलेला पारदर्शक डबा आणि रानासाठी रंगवलेली लोखंडी पेटी, एवढेच सांगेन. पीव्हीसीची नळी आणि तारांच्या करामती मी बाद धरतो. खोटा बोल्ट हौशींसाठी.

बागेतली कॅश मी नव्या देखरेखप्रमुखांच्या लेखी परवानगीने पुन्हा सुरू केली आहे. भिंतीतली पोकळी सोडून आता ती त्याच झुडपाच्या फांदीला, बाटलीच्या नळीत लटकते. छाटणी करायची झाली की माळीबुवा आधी ती सोडून खिशात ठेवतात आणि मग कात्री चालवतात. जुन्या वहीतली पेन्सिलीने लिहिलेली जी नावे वाचता आली, ती मी नव्या गुंडाळीवर पहिल्या ओळींत उतरवून ठेवली आणि त्यांच्याखाली पहिले नवे नाव माळीबुवांनी लिहिले.